संवादाची किंमत कोणी मोजायची?

1848 साली पुण्याचा एकवीस वर्षांचा एक तरुण नगरला आपल्या मित्राकडे आला. मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे, जातीनं ब्राह्मण, नोकरीनिमित्त नगरला राहणारा. पाहुणा जोतीराव फुले, जातीनं माळी. पुण्यातल्या मिशनच्या शाळेत जमलेली ही दोस्ती. गोवंडेंनी जोतीरावांना नगरमधल्या अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा दाखवल्या. त्या शाळा चालवणाऱ्या मिस सिंथिया फरार 1827 साली मुंबईत उतरल्या होत्या आणि 1839 पासून नगरला होत्या. परदेशातून आलेली एकटी बाई इथल्या मुलींना शिकवते आणि आपण काहीच करत नाही, हे जोतीरावांना लागलं. त्याच वर्षी पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले तेही याच मिस फरारांकडे, नगरला.

महाराष्ट्राच्या इतिहासात या भेटीची नोंद शाळेच्या निमित्तानं होते. पण शाळेच्या आधी काहीतरी घडलेलं होतं. गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे आणि जोतीराव ही वर्गातली मुलं. जातींच्या रेषा ओलांडून ती एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत होती. धर्म म्हणजे काय, माणसाचे हक्क कुठून येतात, बायकांनी शिकलं तर बिघडतं काय, अशा विषयांवर त्यांचा खल चाले. थॉमस पेनचं पुस्तक त्यांच्या हाती आलं होतं. त्यांना कोणी शिक्षकानं गोलात बसवलं नव्हतं. विद्यार्थ्यांनी स्वतः सुरू केलेला आणि स्वतः पुढे नेलेला असा तो संवाद होता, आणि त्याचा एक धागा नगरमधून जातो.

मात्र या संवादाची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. 1849 साली वडिलांनी, गोविंदरावांनी, जोतीराव आणि सावित्रीबाईंना घराबाहेर काढलं. मित्र उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली. शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडलं, दगड पडले. ब्राह्मण मित्रांनाही स्वजातीयांचे टोमणे आणि राग सोसावा लागला. ते मागे हटले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पण छप्पर गेलं ते माळ्याच्या मुलाचं आणि सुनेचं.

वेगवेगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र बसून बोलतात तेव्हा त्या बोलण्याची किंमत कोण मोजतं? प्रश्न वरवर सामाजिक दिसतो, पण तो मुळात धर्माचा आहे. परंपरेनं त्याला एक पक्कं उत्तर देऊन ठेवलेलं होतं: रेषा ओलांडणाऱ्यानं प्रायश्चित्त घ्यायचं. शिवलं तर आंघोळ, खाल्लं तर पंचगव्य, आणि जातीत परत यायचं तर जातीला जेवण. रेषा आखणाऱ्याला मात्र कुठलंच प्रायश्चित्त सांगितलेलं नव्हतं. गेल्या पावणेदोनशे वर्षांत महाराष्ट्रातल्या तरुणांनी जे जे संवाद केले, ते सगळे या जुन्या हिशेबाशी झगडताना दिसतात.

काहींनी त्यावर गुप्ततेचा तोडगा काढला. 1849 मध्येच मुंबईत दादोबा पांडुरंगांच्या पुढाकारानं परमहंस सभा निघाली. सभासद बहुतेक नव्या शाळा-कॉलेजांत शिकलेले तरुण. सभेत यायचं तर ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. पावाचा एक तुकडा आणि घोटभर पाणी. पण त्या काळी त्यात माणसाचं लग्न, वारसा, अंत्यविधीला येणारे खांदे, सगळंच पणाला लागायचं. म्हणून बैठका बंद दाराआड होत. तुकडा खाऊन सभासद घरी जायचे आणि पुन्हा सोवळ्याच्या पंगतीत बसायचे. पुढे 1860 च्या सुमारास सभासदांची यादीच चोरीला गेली, नावं फुटणार म्हणून घबराट उडाली आणि सभा मोडली.

त्या तरुणांना भित्रे म्हणून सोडून देणं अन्यायाचं होईल. बंद दाराआड का होईना, दुसऱ्याच्या हातचं खाल्ल्यानं आभाळ कोसळत नाही हे त्यांनी स्वतः अनुभवलं. त्यांच्यातल्याच काहींनी 1867 साली उघडपणे प्रार्थना समाज उभा केला. बाबा पदमनजी याच सभेतून पुढे ख्रिस्ती झाले आणि त्यांनी आपला प्रवास नावानिशी लिहून ठेवला. तरीही सभेचं मोडणं एक गोष्ट सांगून जातं. कुणालाच काही मोजावं लागू नये अशा बेतानं केलेलं बोलणं पहिल्या धक्क्यातच विरून गेलं.

याच्या अगदी उलट टोकाला राहुरीतलं एक घर आहे. कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, मग परतल्या. पण त्यांचा स्वयंपाक वेगळा, सोवळं कायम. नवऱ्यानं बळजबरी केली नाही. एकाच संसारात दोन धर्म आणि दोन चुली नांदत होत्या, आणि रोजच्या भांडणांतून, हसण्यातून, अबोल्यातून त्यांचं बोलणं चालूच होतं. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी कुणा पंडिताला किंवा पाद्र्याला विचारला नाही, स्वतःलाच विचारला. त्याचं उत्तर मिळालं तेव्हा आधी सोवळं गेलं आणि बाप्तिस्मा नंतर, 1900 साली, झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. धर्मांतर करून त्या जातीबाहेर पडल्या नाहीत. जातीबाहेर पडल्यावर धर्माकडे वळल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सगळं कसलाही आव न आणता सांगितलं आहे. नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयात हे पुस्तक मराठीच्या तासापुरतं न ठेवता जातीविषयीच्या चर्चेसाठी वाचलं जायला हवं.

विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचा इतिहास हा तर या प्रश्नाचा उघडा फळाच आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशी वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहं काढली किंवा त्यांना आधार दिला. आज कुणी विचारेल, जात मोडायला निघालेल्या राजानं जातवार वसतिगृहं का काढली? त्याचं उत्तर त्या काळच्या वास्तवात आहे. ज्याला शहरात राहायला खोलीच मिळत नाही, त्याला आधी स्वतःची भिंत आणि स्वतःचं छप्पर हवं; समान पातळीवर उभं राहिल्याशिवाय बोलणार कोण आणि कुणाशी?

त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी राहत होता. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून आत यायला सांगितलं गेलं. त्यानं नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं.

या नकाराचं मोल फार मोठं आहे. आंघोळ म्हणजे जुन्या हिशेबातलं सगळ्यात स्वस्त प्रायश्चित्त होतं, दोन तांब्यांत भागणारं. भाऊरावांनी ते नाकारलं, कारण त्यांच्या लेखी काही चुकलेलंच नव्हतं. याच भाऊरावांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह आणि एकच स्वयंपाकघर सुरू केलं. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. इथे किंमत मोजली ती वसतिगृह चालवणाऱ्यांनी. जेवायला आलेल्या महार, मांग, मराठा, मुसलमान मुलांकडून ती वसूल झाली नाही. आज रयतच्या शाळा-महाविद्यालयांचं जाळं नगर जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यात आहे. त्यांत शिकणाऱ्या किती मुलांना ही आंघोळ नाकारल्याची गोष्ट माहीत आहे, हा प्रश्न विचारायला हवा.

एकत्र जेवण पुरेसं नाही, हेही त्याच काळात सांगितलं गेलं. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषणाचा मजकूर आधी हाती आला तेव्हा मंडळ बिचकलं आणि अधिवेशनच रद्द झालं. ज्यांनी जात तोडण्यावर बोलायला बोलावलं, त्यांनाच ते ऐकवेना. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. सहभोजनं होतात आणि जात तशीच राहते. ती टिकते कारण माणसं तिला पवित्र मानतात, आणि त्या पावित्र्यालाच हात घालावा लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. समाज म्हणजे केवळ शेजारी-शेजारी राहणं नसून अनुभवांची देवाणघेवाण आहे, हा त्यांच्या लोकशाहीच्या कल्पनेचा गाभा. कोलंबियातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांच्याकडून आलेला हा विचार त्यांनी इथल्या मातीत रुजवला.

गांधीजी अस्पृश्यतेकडे सवर्णांचं पाप म्हणून पाहत होते. प्रायश्चित्त सवर्णांनी घ्यावं, असं ते सांगत. साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपुरात विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं, ते याच भावनेतून. जुन्या हिशेबाची दिशा यातून पालटली, ही साधी गोष्ट नव्हे. बाबासाहेबांना मात्र कुणाचं प्रायश्चित्त नको होतं, हक्क हवा होता. प्रायश्चित्त घेणारा पुन्हा स्वतःच्याच शुद्धीत गुंततो आणि समोरचा त्याच्या शुद्धीचं निमित्त बनतो, ही त्यातली अडचण. गांधीजी आणि बाबासाहेब यांच्यातला हा मतभेद आजच्या कुठल्याही वर्गात, कुठल्याही गटचर्चेत पुन्हा जिवंत होतो, नावं न घेता.

आणि नगर जिल्ह्यात तर किंमत कोण मोजतं हा प्रश्न फार जवळचा आहे. 28 एप्रिल 2014 रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला ठार मारण्यात आलं. वरच्या मानलेल्या जातीतल्या मुलीशी तो बोलतो, एवढा संशय त्यासाठी पुरला. दोन वर्षांनी, 13 जुलै 2016 रोजी, कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मराठा मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. आरोपी दलित होते, आणि लवकरच गुन्ह्याइतकीच त्यांच्या जातीचीही चर्चा होऊ लागली. त्यानंतर महाराष्ट्रभर लाखोंचे मराठा मूक मोर्चे निघाले. अग्रभागी मुली होत्या, निवेदनं त्यांनीच दिली. दुसऱ्या बाजूनं अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या समर्थनार्थ मोर्चे निघाले. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये, साधारण आठवड्याच्या अंतरानं, नगरच्याच न्यायालयात दोन निकाल लागले. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले. कोपर्डीच्या खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा झाली.

एकाच जिल्ह्यातली ही दोन लेकरं. तरीही एका घरात एकाचंच नाव निघतं, दुसऱ्या घरात दुसऱ्याचं.

धर्माच्या रेषेचंही तसंच. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे सतराव्या शतकातले मुसलमान संतकवी. ‘योगसंग्राम’ त्यांनी मराठीत लिहिला आणि वारकऱ्यांनी त्यांना आपलं मानलं. त्यांचं स्थान मंदिर की दर्गा, यावर आज वाद घातला जातो. पाथर्डी तालुक्यातली मढीची कानिफनाथांची यात्रा ‘भटक्यांची पंढरी’ म्हणून ओळखली जाते. तिथे 2025 च्या फेब्रुवारीत ग्रामसभेनं मुसलमान व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला. प्रशासनानं तो मानला नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या आणि खेळणी विकणाऱ्यांच्या मनात जे बसायचं ते बसलं. यात्रेला जाणारी आणि त्या व्यापाऱ्यांच्या घरची मुलं एकाच एसटीनं कॉलेजला येतात. बसमध्ये क्रिकेटवर बोलणं होतं. मढीवर होत नाही.

मग बोलणं होतं तरी कुठे? त्याची एक जागा सरकारनंच देऊन ठेवली आहे: राष्ट्रीय सेवा योजनेचं हिवाळी शिबिर. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झालेली ही योजना जिल्ह्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत आहे. दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचा मुक्काम, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या वर्गात सतरंज्या, सकाळी प्रभातफेरी, मग कुदळ-फावडं घेऊन श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री गटचर्चा आणि नकला. गटांना सावित्री, जिजाऊ, अहिल्या, कलाम अशी नावं. रोज एका गटाकडे स्वयंपाक.

खरं शिबिर घडतं ते या स्वयंपाकाच्या पाळीत. पहिल्या दिवशी मुलं एकमेकांची आडनावं विचारतात. आडनावावरून अंदाज लागला नाही तर गाव, गावावरून नाही तर ‘गावात घर कुठंशी’. तिसऱ्या दिवसापर्यंत कणकेच्या परातीभोवती कोण बसलं आहे याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. शिक्षक झोपायला गेलेले असतात, भांडी घासून झालेली असतात, आणि कुणीतरी विचारतं, “तुमच्यात मयताला काय करतात?” दुसरा विचारतो, “रोजा असताना श्रमदान कसं करशील?” एखादी पारधी वस्तीवरून आलेली मुलगी सांगते की गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी त्यांच्याकडे येते. शेतकऱ्याचा मुलगा सांगतो की तीन एकर कोरडवाहूवर दोन भावांची वाटणी आहे आणि त्याला जनरलमध्ये नव्वद टक्के पडूनही प्रवेश मिळाला नाही. कार्यक्रमपत्रिकेत यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

घरोघरी पाहणी करताना गावठाण, मळे, राजवाडा म्हणजे दलित वस्ती, मोहल्ला असा गावाचा नकाशा मुलांच्या पायाखालून जातो. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर 2020 मध्ये घेतला. गावात पाणी मागायला कुठल्या घरी थांबायचं हे मात्र पाटीवरून ठरत नाही. ते ठरवणाऱ्या मुलीच्या मनात त्या क्षणी जे चालतं, ते परमहंस सभेच्या पावाच्या तुकड्याहून फार वेगळं नसतं.

अशा चर्चांमध्ये एक चूक हमखास होते. कुणीतरी सद्‌भावनेनं म्हणतं, “तू तुझे अनुभव सांग ना,” आणि बोट नेहमी एकाच बाजूला वळतं. दलित मुलानं अपमान सांगायचा, मुसलमान मुलीनं आपलं या देशावर प्रेम आहे हे पटवून द्यायचं, आदिवासी मुलानं होळीचं गाणं म्हणायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, हळहळायचं, आणि झोपायला जायचं. सांगणाऱ्याचा जीव सोलून निघतो, ऐकणाऱ्याचं काहीच जात नाही. ही जुनीच वाटणी झाली: रेषेपलीकडच्यानं मोजायचं. “मी तर जात मानतच नाही” असं म्हणणाऱ्या मुलालाही म्हणूनच प्रश्न विचारला गेला पाहिजे. तुझ्या घरात कामवाल्या मावशींचा कप वेगळा आहे का? तुझ्या बहिणीचं स्थळ बघताना पहिला प्रश्न कुठला असतो? त्याचं उत्तर देताना त्याचा आवाज अडखळला, तर संवाद सुरू झाला असं समजायला हरकत नाही.

हे प्रश्न प्राध्यापकांनी विचारले तर मुलं परीक्षेतल्यासारखी उत्तरं देतात. ते मुलांनीच मुलांना विचारायचे असतात, आणि कोण आधी बोलणार हे चिठ्ठी टाकून ठरवायचं असतं, म्हणजे कुणा एकावर ओझं पडत नाही. ऐकलेलं बाहेर मिरवायचं नाही, स्टेटसला ठेवायचं नाही, एवढा शब्द एकमेकांना द्यावा लागतो. ही परमहंस सभेची गुप्तता नव्हे. तिथे आपलं नाव झाकायचं होतं. इथे दुसऱ्याचं दुःख झाकायचं असतं आणि आपलं मत उघड ठेवायचं असतं. धर्म सोडायची अटही इथे नसते. कपाळाला बुक्का लावणारा मुलगा बुक्का लावूनच बसतो, हिजाब घालणारी मुलगी हिजाब घालूनच. अट एवढीच की दुसऱ्याला अपवित्र ठरवणारं जे काही आपल्या घरात पवित्र म्हणून सांभाळलं जातं, त्याच्याविषयी प्रश्न विचारू द्यायचा. आस्तिक माणसाला हे जड जातं, आणि ते जड आहे हे कबूल केलं पाहिजे. लक्ष्मीबाई टिळकांनाही ते एका दिवसात जमलं नव्हतं.

शिबिर सात दिवसांचं असतं, शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचं. आठव्या दिवशी मुलं परततात, आणि जयंत्यांच्या मिरवणुका, आरक्षणाची आंदोलनं, शहराच्या नामांतरावरची भांडणं त्यांची वाट पाहत असतात. शिबिरातले गट महाविद्यालयात तसेच ठेवता येतील. महिन्यातून एकदा गटातले तेच बारा जण, त्याच सतरंजीवर, प्राध्यापकांविना. त्याला निधी लागत नाही, एक रिकामी खोली आणि प्राचार्यांचा विश्वास लागतो.

पहिल्या बैठकीला विषयही आहे. आज नगरच्या वर्गांत बसलेली अठरा वर्षांची मुलं 2017 साली लहान होती. खर्डा आणि कोपर्डी यांपैकी एकच गोष्ट त्यांनी घरी ऐकलेली असण्याची शक्यता जास्त. दोन्ही निकाल उघड्या न्यायालयात झालेले आहेत, दोन्हींच्या बातम्या नगरच्या ग्रंथालयांतल्या वृत्तपत्रांच्या फाइलींत आहेत. कोपर्डीची बातमी दलित मुलानं मोठ्यानं वाचावी, खर्ड्याची मराठा मुलीनं, आणि मग बारा जणांनी जे बोलायचं ते बोलावं.